गॉन्ट्स कोव्हची शेवटची बाळंतीण

ऑक्टोबर ९, गुरुवार

आज घरात मांजर आलं. आलं म्हणजे काय, मीच दार उघडं ठेवलं. पलीकडच्या घरातलं ऑर्गन कुटुंब उन्हाळ्यात सामान बोटीत भरून पार आल्बर्टाला गेलं, तेव्हा हे राखाडी मांजर मागे राहिलं. राहिलं की ठेवलं, देव जाणे. तेव्हापासून ते त्यांच्या बंद दारापाशी बसून असे, कुणीतरी किल्ली घेऊन येईल अशा भावाने. आज सकाळपासून झोडपणारा पाऊस लागला आणि ते माझ्या पायरीवर येऊन बसलं. आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ये."

ऐंशीला टेकलो, पण घरात मांजर हे पहिल्यांदाच. आमच्याकडे मांजर म्हणजे धक्क्यावरच्या मासळीच्या खोपटीत उंदीर मारायचं जनावर. जसं वल्हं, जसं जाळं, तसं मांजर. त्याला कुणी नाव देत नसे, चुलीपाशी घेत नसे. माझी ब्लँच असती तर झाडू घेऊन धावली असती. पण ब्लँच चार वर्षांपूर्वी टेकडीवर जाऊन निजली, आणि घर इतकं गप्प झालंय की मांजर अंग चाटतं तो आवाज मला दुसऱ्या खोलीत ऐकू येतो.

आणि आता कुणाचं काय बिघडणार आहे? वसंतात गावाने मतदान करून ठरवलं, सरकारचे पैसे घ्यायचे आणि गॉन्ट्स कोव्ह सोडायचं. अठरा नोव्हेंबरला शेवटची बोट, तिच्या पाठोपाठ वीज बंद. तरुण केव्हाच गेले. उरलो आम्ही काही म्हातारे, ज्यांना सामान बांधायला वेळ लागतो.

ऑक्टोबर १३, सोमवार

थँक्सगिव्हिंग. शेजारची ड्रुसिला दुपारी झाकलेलं ताट घेऊन आली. खारवलेलं गोमांस, कोबी, फडक्यात बांधून उकडलेली वाटाण्याची डाळ. दर सणाला आणते. दारातच थांबली.

"हे काय?"

"मांजर."

"ते दिसतंय. आंधळी नाही झाले अजून. टेबलाखाली काय करतंय?"

"राहतंय."

"नाव?"

"मिसेस."

"देवा रे! ब्लँच जाऊन पुरती थंड झाली नाही, तर याने दुसरी मिसेस आणली." मग खाली वाकून तिने नीट पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "आणि तीही पोटुशी!"

मला वाटलं होतं माझ्या हातचे मासे खाऊन तिने अंग धरलंय. तसं म्हणालो, तर ड्रू एवढी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. "हेबर डर्नफर्ड, तुला असल्या गोष्टी कळत असत्या, तर एवढ्या कविता पाठ करायला डोक्यात जागा कुठली उरली असती?"

हे मात्र खरं. आमच्या एकखोली शाळेत मिस टल्क नावाच्या बाई होत्या. गणित त्यांनाच येत नव्हतं, त्यामुळे आम्हालाही आलं नाही, पण वाचनमालेतली एकूण एक कविता त्यांनी आमच्या हाडांत भरली. ड्रू माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिची लाल वेणी अजून डोळ्यांपुढे आहे. जेवताना मी म्हणून दाखवलं,

भरतीसंगे गेली नौका, ओहोटीला परतेना,
काठावरला दिवा कुणाचा तेल सरे पण विझेना.

ड्रू म्हणाली, "दुसऱ्या ओळीला तू तेव्हाही असाच गळा काढायचास." पण ऐकत होती.

ऑक्टोबर २६, रविवार

मिसेसला खारा मासा बाधतो, हे ती तीनदा ओकल्यावर मला कळलं. आता साधा उकडून देतो, काटे काढून. माझ्या आईने माझ्यासाठी काढले नसतील इतके.

ड्रू आली होती. मला पोर्ट एल्मरला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत जागा मिळाली आहे. एका भिंतीला लागून दोन घरं, पुढे हातभर गवत. तिची लेक मॅक्सीन तिला ऑन्टॅरिओला न्यायचं म्हणते आहे.

"तिच्या खिडकीतून गाड्या उभ्या केलेल्या दिसतात," ड्रू म्हणाली. "नुसत्या गाड्या. समुद्र बघायचा तर म्हणे विमान पकडायचं."

"लेकीचं घर आहे, ड्रू. सुख लागेल."

"तुझ्या शेजारचं घर अजून रिकामंच आहे ना?"

"असेल."

"भिंती पातळ असतात म्हणे तिथे."

"असतील बहुतेक."

"म्हणजे तुझ्या कविता पलीकडे ऐकू जातील."

मी तिला सांगितलं की काळजी नको, जो कोणी राहायला येईल त्याला त्रास होणार नाही, मी हळू म्हणेन. त्यावर ती उठून निघून गेली. हल्ली तिचं मन थाऱ्यावर नसतं. गाव सोडायचं म्हणजे सगळ्यांचंच तसं झालं आहे.

नोव्हेंबर २, रविवार

चर्चची घंटा उतरवली. सरकारी बोट चालवणारा लेव्ही आला होता, त्याने आणि आणखी दोघांनी दोर लावून खाली घेतली. खाली टेकताना एकदाच वाजली. आम्ही सगळे टोप्या काढून उभे होतो आणि कुणालाच कळेना की आता काय करायचं, घरी जायचं की थांबायचं. शेवटी ड्रू म्हणाली, "चहा टाकलाय, चला."

येताना टेकडीवर गेलो. ब्लँचला सांगितलं की वर्षातून एकदा येऊ देणार आहेत.

नोव्हेंबर ८, शनिवार

मिसेसचं पोट आता जमिनीला लागायच्या बेतात आहे. रात्रीच्या जेवणानंतर ती माझ्या मांडीवर चढते, आधी पुढचे पाय, मग बराच विचार, मग मागचे. मी तळहात ठेवतो. आत कुणीतरी लाथ मारतं. मला आणि ब्लँचला मूल झालं नाही. हे असं असतं हे मला ठाऊक नव्हतं. एवढ्या वयात कळलं, तेही मांजराच्या कृपेने.

तिच्यासाठी कपाटाचा खालचा खण रिकामा केला. ब्लँचची गोधडी चौघडी घालून ठेवली. मिसेसने वास घेतला, एक पाऊल आत टाकलं आणि जाऊन लाकडांच्या पेटीत झोपली. ड्रूला सांगितलं तर म्हणाली, "बाईला कुठे बाळंत व्हायचं ते बाईच ठरवते. तू आपला खण बंद कर, गोधडीला कसर लागेल."

नोव्हेंबर १२, बुधवार

काल दिवसभर मिसेस नव्हती. आज ड्रूने शोधून काढली. माझ्या धक्क्यावरच्या खोपटीत, वरच्या माळ्यावर, जुन्या जाळ्यांच्या ढिगात. तीन पिल्लं! एक राखाडी, एक काळं, एक दोन्हीच्या मधलं. उंदराएवढी, डोळे मिटलेले, आणि तोंडं अशी उघडत होती की जणू गात आहेत आणि आवाजच लागत नाही.

ज्या गावातून सगळे जात आहेत तिथे हे तिघे आले. मला एकदम भरून आलं.

मी टोपलीत घालून घरी न्यायला निघालो तर ड्रूने हात धरला. "हात लावू नकोस. आत्ताच हलवलंस तर ती रातोरात उचलून दुसरीकडे नेईल, तुला सापडायची नाही. आणि माळ्याला थंडी असली तरी ती अंगाखाली घेते ना, मग काही होत नाही. आई असली की पुरे."

फटींना गोणपाटं ठोकून आलो. मिसेस खायला घरी येते, घाईघाईने गिळते आणि पळते. कधी माझ्याकडे, कधी ड्रूकडे. ड्रू वरकरणी "आली बया" म्हणते आणि तिच्यापुढे मलई ठेवते.

नोव्हेंबर १६, रविवार

परवा बोट. पिल्लांचे डोळे अजून मिटलेलेच.

लेव्हीला फोन केला. "स्किपर," तो म्हणाला (जुन्या कोळ्यांना इथे सगळे असंच म्हणतात), "आठवडाभराची पिल्लं या थंडीत, एवढ्या हेलकाव्यांत... मांजरी घाबरली तर दूध तोडते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. घेऊन या म्हणाल तर घेईन, पण..." त्याला एक दिवस थांब म्हणालो. तर म्हणाला, सरकारी बोट आहे, तारीख ठरली ती ठरली, फक्त वाराच काय तो थांबवू शकतो.

संध्याकाळी ड्रूपाशी बसून हेच उगाळत होतो. "दोन दिवस मिळाले असते ना, ड्रू, तर डोळे उघडले असते त्यांचे. जिथे जन्मले ते गाव न बघताच कसं न्यायचं? फक्त दोन दिवस. मी दुसरं काही मागत नाही."

तिने विणीची ओळ पुरी केली. मग म्हणाली, "माझी आजी मांजर कोंडायची."

"कशाला?"

"वाऱ्यासाठी. आजोबा मासेमारीला लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर जायला निघायचे, की आदल्या संध्याकाळी आजी मांजर धरून बिडाच्या भांड्याखाली घालायची. सकाळी असा उलटा वारा, की बोट धक्का सोडत नसे. वारा उठला की मांजर सोडून द्यायचं, एवढंच."

"आणि आजोबा घरी राहायचे?"

"राहायचे ना. एका वर्षी आजीला मांजरच सापडलं नाही." तिने सुया खाली ठेवल्या. "त्या वर्षी गेले ते परत आले नाहीत."

मी हसलो. म्हटलं, मिस टल्क असत्या तर तुला कोपऱ्यात उभं केलं असतं. ड्रू हसली नाही. "तुला खरंच हवेत का रे ते दोन दिवस?" तिने विचारलं.

"जिवापाड," मी म्हणालो.

नोव्हेंबर १७, सोमवार

सकाळ अशी स्तब्ध की समुद्रात आकाश बुडालेलं दिसत होतं. सामान बांधत होतो. दुपारी रेडिओ लावला आणि काय सांगावं, आग्नेयेकडून वादळी वारा, रात्री सुरू होणार, उद्या दिवसभर राहणार! उद्याची बोट येत नाही. आनंदाने भिंतीवर थाप मारली. ड्रूला सांगावं म्हणून कोटही चढवला.

पण जाताना खिडकीशी थबकलो. खाडीवर असा काही पिवळा उजेड उतरला होता, की कितीतरी वर्षं विसरलेली ती धुक्यातल्या घंटेची कविता ओठांवर आली. पहिलं कडवं, मग दुसरं, मग मधलं हरवलेलं तिसरंही. कोट घालूनच बसून राहिलो. मिस टल्क, खडूचा वास, ड्रूची वेणी, ओल्या लोकरी मोज्यांचा वास. भानावर आलो तेव्हा अंधार पडला होता. आता कुठे जायचं? वारा स्वतःच तिला सांगेल.

मिसेस संध्याकाळी खायला आली नाही. ड्रूकडे गेली असणार. आज तिने माशांची डोकी उकडली होती, वास इथवर येत होता.

नोव्हेंबर १८, मंगळवार

काय हा वारा! घर बोटीसारखं कण्हत होतं. लाटा धक्क्यावरून उड्या घेत होत्या. दाराबाहेर पाऊल टाकलं तर वाऱ्याने सरळ आत ढकललं. बोट आली नाही. गुरुवारी येईल, वीजही तोवर ठेवतील म्हणे.

उजाडता उजाडता ड्रूचा फोन. "हेबर, तुला माझ्या खोपटीपर्यंत जाता येईल का?"

"वेड लागलंय का? या वाऱ्यात?"

"नाही, नाही. तू नको जाऊस. घरातच बस. काही नाही, सहज विचारलं."

"ड्रू, मिळाले बघ दोन दिवस!"

तेवढ्यात फोनची तारच गेली.

मिसेस पिल्लांपाशी असेल. माळा पक्का आहे, माझ्या बापाने बांधलेला. तिघे तिच्या पोटाशी लागून वारा ऐकत असतील. मी दिवसभर मोठमोठ्याने कविता म्हटल्या. इतकं सुख बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

नोव्हेंबर १९, बुधवार

लिहायचं तर नाही, पण लिहितो.

सकाळी वारा पडला. दूध घेऊन माळ्यावर गेलो. मिसेस नव्हती. जाळ्यांत तिघे एकमेकांवर चढून पडलेले. काळं आणि मधलं ताठ झाली होती. राखाडी त्या दोघांच्या खाली होतं, म्हणून असेल, त्याने तोंड उघडलं. मी त्याला सदऱ्याच्या आत घातलं. बर्फाचा तुकडा छातीला लावल्यासारखं वाटलं.

खाली उतरतो तर ड्रू तिच्या धक्क्याकडून येत होती. अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. हातात मिसेस. ड्रूच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे, रक्त बोटांपर्यंत आलेलं.

"कुठे सापडली?"

"टबाखाली," ती म्हणाली. "माझ्या खोपटीत. कपडे धुवायच्या टबाखाली."

मिसेस तिच्या हातातून सुटली आणि माळ्यावर धावली. पाठोपाठ गेलो. ती त्या दोघांना चाटत होती. आधी एकाला, मग दुसऱ्याला, मग परत पहिल्याला. किती वेळ, ते मला बघवलं नाही.

मी नंतर खोपटीत जाऊन पाहिलं. पत्र्याचा मोठा टब पालथा, शेजारी होडीच्या नांगराचा दगड. ड्रू सगळं नीटनेटकं ठेवणारी. वाऱ्याने टब उडू नये म्हणून तिने दगड ठेवला असणार आणि मांजर उबेला आधीच आत शिरलेलं तिला दिसलं नसणार. पत्र्याला आतून नखांनी चरे पडले होते.

ड्रू दिवसभर माझ्या चुलीपाशी बसून होती. राखाडी पिल्लू तिने चोळीत घातलं होतं, डब्यातलं दूध कोमट करून डोळ्यांत औषध घालायच्या नळीने थेंब थेंब पाजत होती. संध्याकाळी मिसेस आली आणि पिल्लाला जवळ घेतलं, तेव्हा कुठे ड्रूने हात मोकळे केले. मधेच म्हणाली, सोमवारी रात्री वारा उठल्या उठल्या तिने दार उघडायला बघितलं होतं. पुन्हा पुन्हा. वाऱ्याने बाहेरून दाबून धरलेलं, खांदा लावला तरी हलेना. अशा रात्री हिला बाहेर कशाला जायचं होतं, कोण जाणे.

तिला मी किती समजावलं. म्हणालो, "ड्रू, यात कुणाची चूक नाही. हा वारा येणारच होता. सोमवारी दुपारीच रेडिओवर सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, तुला सांगायला येणारही होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दुपारी?"

"हो ना. मग कवितेत गुंतलो."

तिने एप्रन तोंडावर घेतला. तिच्या नवऱ्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं तेव्हा मी तिथे होतो. तेव्हासुद्धा तिच्या तोंडून असा आवाज आला नव्हता. मांजराच्या पिल्लांसाठी कुणी इतकं रडेल असं वाटलं नव्हतं, आणि तेही ड्रू, जी म्हणायची जनावर ते जनावर.

दोघांना टेकडीवर ब्लँचच्या पायाशी पुरलं.

नोव्हेंबर २०, गुरुवार

बोट आली. लेव्हीने मिसेसचा आणि पिल्लाचा खोका स्वतः उचलून इंजिनाजवळ उबेला ठेवला. दारांना कुलपं लावायची की नाही यावर जरा वाद झाला. कुणी लावली, कुणी नाही. मी नाही लावलं.

ड्रू डेकवर एकटी उभी होती, गावाकडे पाठ करून. माझ्या मनात रात्रीपासून एक घोळत होतं. हिने त्या पिल्लाला आपल्या अंगाच्या उबेने जगवलं. तिच्याइतका त्यांच्यावर हक्क माझा नाही. तो खोका घेऊन तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "ड्रू, ही दोघं तू घे. शेजारीच राहायला आलीस तर मी भेटायला येत जाईन, आणि लेकीकडे गेलीस तर तुला सोबत. तुझीच आहेत ती."

ती अशी मागे सरली की तिची पाठ कठड्याला लागली.

"मला नको देऊस."

"अगं, मी मनापासून देतोय."

"हेबर, कुणालाही दे. समुद्रात टाक. मला नको देऊस."

लेव्हीने ऐकलं आणि दुसरीकडे बघू लागला. मला फार लागलं. एवढं काय वाईट बोललो होतो मी? पुढचा सगळा प्रवास ती खाली बाकावर बसून होती. पोर्ट एल्मरला उतरल्यावर मी विचारलं, "आणि शेजारचं घर?"

"ते दुसऱ्या कुणाला घेऊ दे," ती म्हणाली. "मॅक्सीनला कळवलंय मी."

तिने माझी कॉलर नीट केली, बटण लावलं आणि गाडीत बसली. तिच्या मनगटांवर पट्ट्या होत्या. मी हात वर केला, पण तिने काच खाली केली नाही.

नोव्हेंबर २४, सोमवार

इथे भिंती खरंच पातळ आहेत. पलीकडे कोणीच नाही, त्यामुळे काही ऐकू येत नाही. कविता म्हणायला बसलो तर दुसऱ्या ओळीला थांबून भिंतीकडे बघतो. मिसेस खोलीखोलीत जाऊन कपाटांखाली बघते, मग परत येऊन एकाला चाटते.

आज सकाळी राखाडीचे डोळे उघडले. आधी एक, दुपारपर्यंत दुसरा. धुरकट निळे. त्याने माझ्याकडे पाहिलं की माझ्या मागच्या खिडकीकडे, सांगता येत नाही.

राहवलं नाही, ऑन्टॅरिओला फोन लावला. मॅक्सीनने उचलला. "आईला दे जरा," म्हटलं.

"अंकल हेबर, ती फोनवर येत नाही हो. कुणाशीच बोलत नाही. दोनदा विचारलं तुमच्याबद्दल, तर उठून गेली. तुमचं काही भांडण झालंय का?"

"नाही गं. भांडण कसलं? आईला एवढंच सांग, पिल्लाचे डोळे उघडले म्हणून."

तिने फोन बाजूला धरून सांगितलं, ते मला ऐकू आलं. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"अंकल हेबर? आई विचारतेय, दोन्ही?"

"हो," मी म्हणालो. "सांग तिला. दोन्ही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा. "गेली ती," मॅक्सीन म्हणाली.